बेसवर सूर थांबवायचा कुठे? माझं वाद्य, तारा, सेटअप आणि ज्यांना ऐकून शिकलो ते वादक

मंद्र

बेस गिटारचा विषय निघाला की चर्चा लगेच वाद्यावर जाते. चार तारांचा घ्यावा की पाच, ॲक्टिव्ह (आत बॅटरीवरचं सर्किट असलेला) की पॅसिव्ह (ते नसलेला), अमुक कंपनीचा की तमुक. माझ्याही आवडीनिवडी ठाम आहेत आणि त्या खाली सविस्तर लिहिल्या आहेत. पण त्या सगळ्यांच्या मुळाशी एकच कारण आहे, ते आधी सांगतो.

सूर कधी सुरू करायचा हे प्रत्येक बेसवादक पहिल्या दिवसापासून शिकतो. सूर कधी संपवायचा याकडे फार थोडे लक्ष देतात, आणि ठेका खरा धरला जातो तो तिथे. किकबरोबर (पायाने वाजणारा मोठा ड्रम) वाजवलेला सूर स्नेअर (काठीने वाजवायचा कडक आवाजाचा ड्रम) पडायच्या नेमक्या क्षणी बंद करून पाहा. स्नेअर एकदम मोकळी ऐकू येते, गाणं चालायला लागतं. आता तोच सूर स्नेअरच्या पलीकडे ओढा. स्वर तेच, लय तीच, ड्रमरही तोच, तरी गाणं बसल्यासारखं वाटतं. दोन्ही गोष्टी आपापल्या जागी योग्य असू शकतात. मात्र कुठली हवी ते वादकाने ठरवायला हवं, तारेने नव्हे. माझं वाद्य, तारा, सेटअप सगळं या एका निकषावर ठरत गेलं.

वाद्य: प्रिसिजन धाटणीचा, चार तारा, पॅसिव्ह. लिओ फेंडरने हा बेस १९५१ साली आणला, तेव्हापासून ३४ इंची म्हणजे ८६४ मिलिमीटरची स्केल (तारेची कंप पावणारी लांबी) जवळजवळ प्रमाण होऊन बसली आहे. १९५७ साली त्याला दुभागलेला पिकअप (तारेची कंपनं विजेच्या संकेतात बदलणारा भाग) मिळाला. एक तुकडा ई आणि ए तारांखाली, दुसरा डी आणि जी तारांखाली, दोन्हींचे वळसे आणि चुंबक एकमेकांच्या उलट, त्यामुळे विजेची घरघर आपोआप कटते. एक पिकअप, एक व्हॉल्यूम, एक टोन. फिरवायला फारशी बटणंच नाहीत म्हटल्यावर आवाज बदलायचा तर उजवा हात हलवावा लागतो: नेककडे सरकलं की गोल आणि जाड, ब्रिजकडे (बॉडीवर तारा बांधलेल्या असतात तिकडे) सरकलं की आवळलेला आणि कडक. मला हे बंधन मनापासून आवडतं.

तारा: फ्लॅटवाउंड, कायम. राउंडवाउंड तारेत गाभ्याभोवती गोल तार गुंडाळलेली असते, फ्लॅटवाउंडमध्ये चपटी पट्टी. चपट्या पट्टीमुळे वरचे हार्मोनिक (मूळ सुरासोबत वाजणारे उपस्वर) कमी मिळतात, बोट घासल्याचा आवाज जवळपास नाहीसा होतो, आणि मुख्य म्हणजे सूर आघातानंतर लवकर उतरतो. राउंडवाउंडची नवी चकाकी काही आठवड्यांत जाते आणि तारा बदलाव्याशा वाटतात. फ्लॅटवाउंड उलट जुन्या होतील तशा मुरतात, त्यामुळे माझ्या तारा वर्षानुवर्षं तशाच असतात.

त्याखाली, ब्रिजला लागून, फोमची पट्टी. जुन्या बेसवर ब्रिजच्या झाकणाखाली कारखान्यातूनच असा फोम लावून यायचा. माझी पट्टी सॅडलच्या (ब्रिजवर तार टेकते तो तुकडा) अगदी पुढ्यात बसते आणि बॉडी व तारा यांच्यातल्या अंतरापेक्षा जेमतेम दोन मिलिमीटर जाड आहे. तारेला टेकली पाहिजे, तारेला उचलता कामा नये. जी तार हलकी असल्यामुळे फोम तिला पटकन गिळतो, म्हणून त्या बाजूला पट्टी वरून जराशी तासली आहे. पट्टी फार घट्ट बसली तर ई तारेवर नुसता ठोका ऐकू येतो, स्वर कळत नाही. तिथून थोडं मागे यायचं.

सेटअप: नेकला ०.३ मिलिमीटर रिलीफ (हलका बाक), म्हणजे पहिल्या फ्रेटवर (नेकवरची आडवी धातूची पट्टी) कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावून शेवटचा फ्रेट दाबला की सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तेवढी फट. सतराव्या फ्रेटवर ॲक्शन (तारेची उंची) ई तारेला २.४ आणि जी तारेला २ मिलिमीटर. याहून खाली नेता येतं, पण मी नेत नाही. जोरात छेडल्यावर तार फ्रेटवर आपटली की सुराचा पहिला क्षणच खराब होतो.

आता वादक. जेम्स जेमर्सन सगळ्यांच्या आधी. डेट्रॉइटच्या मोटाउन स्टुडिओत १९६० च्या दशकात या माणसाने जे वाजवलं त्यातून बेस गिटारची भाषा घडली. १९६२ चा प्रिसिजन, जाड फ्लॅटवाउंड तारा, फोम, उंच ॲक्शन, आणि उजव्या हाताची फक्त तर्जनी. तारा तुटल्याशिवाय बदलायचा नाही. डबल बेसवरून आलेला वादक असल्यामुळे मोकळ्या तारांचा वापर सढळ, आणि एकाच मात्रेत आखूड-लांब सुरांची इतकी सुंदर सरमिसळ की नोटेशन समोर घेऊन वाजवलं तरी ती चाल सहज अंगात येत नाही. त्यानंतर मेम्फिसचे डोनाल्ड ‘डक’ डन, ज्यांनी कमी सुरांत किती काम होतं ते दाखवलं. मग रेगेतले ॲस्टन बॅरेट. वन ड्रॉप या रेगे ठेक्यात ड्रमर पहिली मात्रा रिकामी सोडतो आणि किक तिसऱ्या मात्रेवर येते. त्या रिकाम्या जागेशी बेस कसा वागतो हे बॅरेट यांच्याकडून शिकावं. आणि पिनो पॅलाडिनो: १९८० च्या दशकात फ्रेटलेस (फ्रेट नसलेल्या) बेसवर गाणारा हा वादक पुढे प्रिसिजन आणि फ्लॅटवाउंडकडे वळला आणि ठेक्याच्या किंचित मागे राहून वाजवण्याचा एक वेगळाच घाट त्याने घडवला.

तुमच्या आवडी काय आणि का, हे वाचायला आवडेल. ‘का’ जरूर लिहा.

दोन बोटं

लेख आवडला, मुद्दा शंभर टक्के पटला, निष्कर्ष मात्र अजिबात नाही.

सूर कुठे संपवायचा हे वादकाने ठरवायचं म्हणता आणि मग ते काम फोमला देता! फोम प्रत्येक सुराला एकाच लांबीत बसवतो. मला एका मात्रेत चार प्रकारच्या लांब्या हव्या असतात आणि त्या हातांनीच येतात.

माझा जॅझ बेस, राउंडवाउंड तारा ४५-६५-८५-१०५ (जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात), फोम नाही. सूर तोडायला तीन जागा आहेत. एक, डाव्या हाताच्या बोटाचा दाब सोडायचा पण बोट तारेवरून उचलायचं नाही. इथे एक खाच आहे: पाचव्या, सातव्या किंवा बाराव्या फ्रेटवर एकाच बोटाने असं केलं तर तार बंद न होता हार्मोनिक शिट्टी मारतो. म्हणून सोबत दुसरं बोटही तारेवर आडवं टेकवायचं. दोन, उजव्या हाताचं पुढचं बोट. तर्जनी-मध्यमा आलटून पालटून वाजवताना पुढचं बोट तारेवर थोडं आधी टेकवलं की आधीचा सूर तिथेच थांबतो. तीन, छेडून झालं की बोट खालच्या जाड तारेवर विसावतं, त्यामुळे ती तार आपोआप गप्प राहते.

हे ऐकायचं असेल तर टॉवर ऑफ पॉवर या फंक बँडचे रोको प्रेस्टिया ऐका. एका मात्रेत चार अशा सुरांची सलग माळ, आणि डाव्या हाताच्या बोटांनी प्रत्येक सूर इतका आखूड केलेला की बेस जवळपास तालवाद्य वाटतो.

जॅझ बेस का? १९६० साली आला तेव्हापासून नटजवळ (नेकच्या वरच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी) नेक दीड इंच, ३८ मिलिमीटर. माझा तळहात लहान आहे, त्यामुळे हा फरक फार मोठा. ब्रिजजवळचा पिकअप एकटा चालू केला की मधल्या पट्टीतली ती गुरगुर मिळते जी जेको पास्टोरियस यांनी जगाला ऐकवली. त्या पिकअपला एकट्याने घरघर असते हे खरं. दोन्ही पूर्ण उघडले की कटते.

मंद्र

@दोन बोटं, हार्मोनिकची खाच फार छान सांगितलीत. शिकवताना हे कुणी सांगत नाही.

फोमबद्दल: तो सगळ्या सुरांची कमाल लांबी कमी करतो, किमान लांबी हाताकडेच राहते. त्या मर्यादेच्या आत मी आखूड-लांब करतोच. संथ गाण्यात चार-चार मात्रांचे सूर लागतात तेव्हा पट्टी काढून ठेवतो, सॅडलपुढून ओढली की निघते. पण मध्यम लयीच्या गाण्यात मला सुराचा उतार हवा असतो. हाताने तोडलेला सूर कापल्यासारखा थांबतो, फोमखालचा सूर ओसरतो. मला ओसरणारा आवडतो. तुम्हाला कापलेला आवडत असेल तर तुमचा मार्गच बरोबर आहे.

दोन बोटं

ओसरणारा आणि कापलेला, हा फरक मान्य. याच दृष्टीने पुन्हा ऐकून बघतो.

खर्जवेडी

पाच तारांची बाजू मांडते.

खालची बी तार ३०.८७ हर्ट्झ, म्हणजे ई तारेच्या ४१.२ हर्ट्झच्याही खाली. लोकांना वाटतं पाचवी तार खोल आवाजासाठी घेतात. माझ्यासाठी ती हाताच्या सोयीसाठी आहे. ई ऐवजी बी तारेवर पाचव्या फ्रेटला तोच सूर मिळतो, त्यामुळे मोकळी तार वाजवावी लागत नाही. आणि मंद्र यांच्या मुद्द्याशी याचा थेट संबंध आहे: मोकळी तार थांबवायला डाव्या हाताला मुद्दाम जावं लागतं, दाबलेली तार दाब सोडला की थांबते. म्हणून मी खालचा ई बहुतेक वेळा दाबूनच वाजवते.

त्याची किंमत म्हणजे बी तार स्वतः. तुम्ही तिला हात लावला नाही तरी इतर तारांच्या कंपनांनी ती गुंजत राहते आणि सगळं गढूळ करते. अंगठा पिकअपवर टेकवून ठेवायची सवय असेल तर पाच तारांवर ती मोडावी लागते. अंगठा तरंगता ठेवायचा: ए तार वाजवताना तो बी आणि ई वर आडवा, डी वर गेलात की ए पर्यंत पसरलेला. सुरुवातीला हात अवघडतो. काही महिन्यांनी लक्षातही येत नाही.

स्केलबद्दल: ३५ इंची नेकवर बी तारेचा ताण वाढतो आणि सूर नीट उभा राहतो. ३४ इंचीवरही चांगली बी मिळते, पण तार १३० ची हवी. १२५ ला माझ्या हाताखाली ती लिबलिबीत वाटते. मला बारीक तार आणि हलका हात जमत नाही. मी खोलवर छेडते.

सहा तारांचं श्रेय अँथनी जॅक्सन यांचं. त्यांच्या कल्पनेवरून कार्ल थॉम्पसन यांनी १९७५ साली खालची बी आणि वरची सी अशा तारांचा पहिला सहा तारांचा बेस बनवला. जॅक्सन आपल्या वाद्याला काँट्राबास गिटार म्हणत आणि आयुष्यभर स्लॅपपासून (अंगठ्याने तार ठोकायच्या शैलीपासून) दूर राहिले. पिक (तार छेडायची चकती), तळहाताचा दाब आणि फेजर (आवाज लहरवणारं उपकरण), एवढ्यावर त्यांनी जो आवाज काढला तो माझ्या कानात घर करून आहे.

मिश्रक

मी बेस वाजवत नाही, मंचामागून आवाज सांभाळतो. या धाग्यावर लिहिल्यावाचून राहवलं नाही, कारण सुराची लांबी ही गोष्ट माझ्या बाजूने फार तीव्रतेने जाणवते.

पहिली गोष्ट सभागृहाची. खालच्या पट्टीतला आवाज मोठ्या खोलीत वरच्या पट्टीपेक्षा जास्त वेळ घोळतो. पडदे, खुर्च्या, माणसं यांत उच्च स्वर शोषले जातात, ६०-८० हर्ट्झ तसेच भिंतींवर आपटत राहतात. मंचावर वादकाला सूर आखूड वाटतो, तोच सूर मागच्या रांगेत पुढच्या सुरावर सांडलेला असतो. जितकं सभागृह मोठं आणि रिकामं, तितके सूर आखूड वाजवा. जो वादक ध्वनिपरीक्षणाच्या वेळी खाली उतरून आपल्याच बेसचा आवाज मागे उभं राहून ऐकतो, त्याच्यासोबत काम करायला मला नेहमी आनंद होतो.

दुसरी गोष्ट काँप्रेसरची. काँप्रेसर आघात दाबतो आणि मग एकूण पातळी वर उचलतो. म्हणजे सुराची शेपटी वर येते, सूर लांब होतो. मंद्र यांनी फोम लावून जे मिळवलं ते जड काँप्रेशनने परत घालवता येतं. माझी सुरुवात साधारण ४:१ पासून असते, ॲटॅक (दाब सुरू व्हायला लागणारा वेळ) २०-३० मिलिसेकंद, म्हणजे बोटाचा पहिला आघात सुटून पुढे जातो, आणि पातळी अशी की फक्त मोठे सूरच दबतील.

तिसरी गोष्ट, बहुतेक बेसवादक ॲम्पवर लो वाढवतात आणि मिड कापतात. घरी एकट्याने वाजवताना तो आवाज भरदार वाटतो. बँडमध्ये तो दिसेनासा होतो. ई तारेचा मूळ सूर ४१ हर्ट्झचा, तो बहुतेक स्पीकर धडपणे देतच नाहीत. कान ८२, १२४, १६५ अशा वरच्या हार्मोनिकवरून मूळ सूर स्वतः जुळवून घेतो. म्हणून बेस ओळखू येतो तो मिडमुळे. ७००-८०० हर्ट्झच्या आसपास थोडं वाढवलं की बोटं स्पष्ट होतात. २५० च्या आसपास गिचमिड असेल तर तिथे कापा. आणि ३५-४० च्या खालचं काढून टाकलं तर ॲम्पला श्वास घेता येतो, ऐकणाऱ्याला काही कमी झाल्याचं कळतही नाही. पाच तारांवर ही सीमा थोडी खाली.

दोन बोटं

मिश्रक, हा प्रतिसाद म्हणजे स्वतंत्र धागा व्हावा. मिडवाला परिच्छेद प्रत्येक बँडने वाचावा.

विनापडदा

वाचनखूण साठवली.

फ्रेटलेसवाल्यांचं थोडं वेगळं आहे. फ्रेट नसल्यामुळे तार बोटाच्या मऊ मांसावर आणि लाकडावर टेकते. आघात मऊ येतो आणि सूर नंतर उमलतो. म्हणजे आमच्याकडे सुराची सुरुवात नाही, मधला भागच सगळ्यात बोलका. त्यामुळे सूर लवकर तोडला तर फ्रेटलेस घेतल्याचा उपयोगच राहत नाही. संथ, लांब सुरांची गाणी मी याच वाद्यावर वाजवतो आणि ठेक्याच्या गाण्यांना फ्रेटवाला घेतो.

सेटअपमध्ये नेक जवळजवळ सरळ, रिलीफ अगदी नावापुरता, ॲक्शन खाली. तार लाकडाच्या जवळून आणि फार मोठ्या लांबीवर समांतर गेली पाहिजे, तरच तो ‘म्वाऽ’ मिळतो. बोट फ्रेटवाल्या बेससारखं रेषेच्या (जिथे एरवी फ्रेट असता ती जागा) मागे ठेवायचं नाही, बरोबर रेषेवर.

जेकोंनी आपल्या १९६२ च्या जॅझ बेसच्या फिंगरबोर्डवर बोटींना लावतात तो इपॉक्सी चढवला होता, कारण त्यांना राउंडवाउंड तारा हव्या होत्या आणि त्या नुसत्या लाकडाला कानशीसारख्या घासतात. कडक पृष्ठभागामुळे आवाजात तेजही आलं. ज्यांना इपॉक्सीच्या भानगडीत पडायचं नाही त्यांनी फ्लॅटवाउंड लावाव्यात. मी तेच करतो.

प्लेक्ट्रम

कॅरल के यांचं नाव अजून कुणी घेतलं नाही? १९६० च्या दशकातल्या लॉस एंजेलिसच्या ध्वनिमुद्रणांत हजारो गाण्यांवर त्यांचा बेस आहे. मुळात त्या गिटारवादक, म्हणून कडक पिक. आणि तारांवर ब्रिजजवळ फेल्टचा तुकडा. मंद्र फोम खालून लावतात, या वरून फेल्ट ठेवायच्या. कल्पना तीच.

पिकने वाजवणं म्हणजे कमी प्रतीचं, असा एक समज अजूनही ऐकू येतो. मला तो मुळीच पटत नाही. पिकचा आघात पहिल्या क्षणी स्पष्ट असतो, आणि तळहाताची कड ब्रिजवर किती टेकवली यावर सुराची लांबी मिलिमीटरच्या हिशेबात बदलते. थोडं पुढे सरकलं की सूर ठोक्यासारखा, मागे सरकलं की मोकळा. एकाच ओळीत पहिले दोन सूर बंद, तिसरा उघडा, असं वाजवणं बोटांपेक्षा पिकने सोपं जातं.

‘येस’ या रॉक बँडचे ख्रिस स्क्वायर हे दुसरं टोक. रिकनबॅकर, नव्या राउंडवाउंड तारा, पिक, आणि आवाजात इतकी धार की बेस हा गिटारच्या बरोबरीने पुढे येतो. तिथे सूर आखूड करायचा विचारच नाही, आणि त्या संगीताला तेच हवं आहे.

मंद्र

कॅरल के यांच्याबद्दल मी लिहायलाच हवं होतं, आभार. फेल्ट वरून आणि फोम खालून यात एक फरक आहे: वरून ठेवलेली फेल्ट गाण्यांच्या मधल्या क्षणात काढता-लावता येते.

शिकतोय

धागा पुन्हा पुन्हा वाचतोय, बरंच डोक्यावरून जातंय पण सोडवत नाही. एक अडचण विचारतो. बोटं दुखतात म्हणून मी ४५-१०५ चा संच काढून ४०-९५ लावला. तेव्हापासून ई आणि ए तारा पहिल्या चार फ्रेटवर खरखरतात. वरच्या फ्रेटवर सगळं ठीक आहे. सॅडल वर केले तर खरखर थोडी कमी होते पण वर वाजवताना तारा फार उंच वाटतात. बेस बिघडला का?

मंद्र

बेस बिघडलेला नाही, काळजी करू नका. लक्षणं अगदी पुस्तकी आहेत.

चारही तारांचा मिळून नेकवर साठ किलोहून जास्त ताण असतो. तो नेकला पुढे वाकवतो, आतला ट्रस रॉड उलट्या बाजूने ओढतो, आणि या दोघांच्या समतोलातून रिलीफ ठरतो. तुम्ही बारीक तारा लावल्या, ताण कमी झाला, रॉड मात्र आधीइतकाच आवळलेला राहिला. नेक सरळ झाली, कदाचित किंचित मागेही झुकली. मग सगळ्यात आधी खरखरतात ते नटजवळचे फ्रेट. वरच्या फ्रेटवर खरखर असती तर मी ॲक्शन आणि नेकच्या बुडाकडे बोट दाखवलं असतं.

आधी मोजा. तारा सुरात लावा, पहिल्या फ्रेटवर कॅपो, शेवटचा फ्रेट दाबा, आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार व फ्रेट यांच्यातली फट फीलर गेजने पाहा. फट नसेल तर ट्रस रॉड डावीकडे, घड्याळाच्या उलट, पाव वळसा सोडा. पाव म्हणजे पावच. बरोबर मापाचीच चावी वापरा, सैल चावीने रॉडचा नट झिजतो. पुन्हा सुरात लावा, थोडा वेळ जाऊ द्या, पुन्हा मोजा. काही नेक पूर्ण बसायला रात्रभर घेतात. ०.३ च्या आसपास आलात की थांबा. नट फिरताना अडकला तर जोर लावू नका, जाणकाराकडे न्या.

त्यानंतरच सॅडल मूळ उंचीवर आणा. क्रम महत्त्वाचा: सुरात लावणं, रिलीफ, ॲक्शन, मग इंटोनेशन (फ्रेटवरचे सूर खरे लागणं), शेवटी पिकअपची उंची. एक पायरी बदलली की पुढच्या सगळ्या पुन्हा तपासायच्या.

खर्जवेडी

@शिकतोय, बोटं दुखतात त्यावर एक. डाव्या हाताने नटजवळ चार फ्रेटवर चार बोटं ताणून बसू नका. डबल बेसवाले खालच्या भागात तर्जनी, मध्यमा आणि करंगळी वापरतात, अनामिका करंगळीला नुसती आधार देते. तीन फ्रेटचा आवाका, हात मोकळा. पाचव्या फ्रेटच्या वर गेलात की एक बोट एक फ्रेट करा. आणि बोट फ्रेटच्या लगेच मागे ठेवलं की निम्मा जोर पुरतो.

शिकतोय

खूप खूप आभार! फट शून्यच होती. पाव वळसा सोडला, सकाळी पाहिलं तर कागदाएवढी फट आली होती, अजून थोडं सोडल्यावर ०.३ ला बसली. खरखर गेली. सॅडल खाली आणले.

आता दोन नव्या गोष्टी दिसतायत. बाराव्या फ्रेटवर दाबलेला सूर त्याच जागच्या हार्मोनिकपेक्षा ई तारेवर किंचित उतरलेला येतो. आणि जी तारेवर सहाव्या फ्रेटचा सूर बाकीच्यांपेक्षा लवकर मरतो. तोही सेटअपचा प्रश्न आहे का? हे आधीही होतं बहुतेक, आता ऐकू यायला लागलंय.

दोन बोटं

पहिलं सोपं आहे. दाबलेला सूर उतरलेला असेल तर सॅडल नेककडे पुढे घ्या, चढलेला असेल तर मागे. बारीक तारेला भरपाई कमी लागते म्हणून तसं झालं. सॅडल सरकवण्याआधी तार थोडी सैल करा, नाहीतर स्क्रू घासतो. प्रत्येक वेळी पुन्हा सुरात लावून मग तपासा.

दुसरं सेटअपने जात नाही. त्याला डेड स्पॉट म्हणतात, आणि बोल्ट-ऑन (स्क्रूंनी जोडलेल्या) नेकच्या बेसवर जी तारेच्या पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या मध्ये तो बहुतेक वेळा सापडतो. नेकची स्वतःची एक कंपनसंख्या असते. तारेचा सूर तिच्याशी जुळला की तारेतली शक्ती नेक ओढून घेते आणि सूर ओसरतो. फ्रेट झिजलेत किंवा तार खराब आहे असं समजून लोक उगाच खर्च करतात.

मंद्र

यावर एक उपाय करून पाहण्यासारखा आहे. हेडस्टॉकला (नेकच्या टोकाला, खुंट्या असतात तिथे) छोटा क्लॅम्प लावा, तिथलं वजन वाढलं की नेकची कंपनसंख्या बदलते आणि डेड स्पॉट सरकतो. नाहीसा होत नाही, सरकतो. नशीब चांगलं असेल तर दोन फ्रेटच्या मधोमध जाऊन बसतो. नवा बेस घेताना जी तारेवर एकेक फ्रेट दाबून सूर पूर्ण विझेपर्यंत ऐका. ॲम्पशिवाय, कान बॉडीच्या वरच्या शिंगाला टेकवून ऐकलं तर लगेच कळतं.

माझ्या बेसवरही पाचव्या फ्रेटला आहे. फोममुळे तो लपतो, पट्टी काढली की जाणवतो.

खर्जवेडी

आणि तो सूर लांबवायचाच असेल तर जागा बदला. जी तारेचा सहावा फ्रेट म्हणजे सी शार्प. तोच सूर डी तारेवर अकराव्या फ्रेटला आहे, जास्त जाड आणि लांब टिकणारा. ओळीत जिथे तो सूर पूर्ण मात्राभर धरायचा आहे तिथे अकराव्यावर जा, झटकन सोडायचा आहे तिथे सहाव्यावरच राहू दे.

शिकतोय

अकराव्यावर वाजवून पाहिला. फरक लगेच कळला. क्लॅम्प उद्या लावून बघतो आणि इथेच कळवतो.